आवारातली वृक्षबाग पुन्हा उभी करताना: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

जुन्या शाळा-कॉलेजांच्या आवारात बरेचदा एक असा कोपरा असतो, जिथे कुणीतरी कधीकाळी हौसेनं निरनिराळी झाडं आणून लावलेली असतात. लावणारी माणसं निवृत्त होतात, पाट्यांवरची नावं उडतात, फाटकाला कुलूप लागतं आणि बागेत मोडकी बाकं येऊन पडतात. झाडं मात्र वाढत राहतात. असा कोपरा तुमच्या वाट्याला आला असेल आणि तिथं पुन्हा मुलांना बसवायचं, शिकवायचं मनात असेल, तर पहिला मोह होतो रोपं आणण्याचा. एक दिवस ठरवायचा, शंभर खड्डे खणायचे, फोटो काढायचे. हा मोह आवरा. पहिल्या वर्षात एकही रोप लावलं नाही तरी चालेल. आधीपासून उभी असलेली झाडं आणि त्यांच्याखालची माती सावरली, तर निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. बाग नीटनेटकी झाल्यावर मुलांना बोलावू, असं म्हणू नका. मोजणी, नकाशा, माती तपासणं, पाचोळा पसरणं हे सगळं मुलांच्या हातून व्हायला हवं. तयार बागेत मुलं पाहुण्यासारखी येतात आणि जातात. जिचं मोजमाप त्यांनी स्वतः घेतलं, त्या बागेत एखादी फांदी मोडली तर ती धावत सांगायला येतात.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाची वनस्पतीबाग १५४५ साली सुरू झाली, ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी यांतला फरक डोळ्यांनी कळावा म्हणून. १५८५ साली लावलेलं एक पामचं झाड तिथं आजही जिवंत आहे. शिकणारा झाडासमोर उभा राहावा, एवढाच त्या बागेचा हेतू होता. आपलाही तोच आहे.

आधी नुसतं बघा

सुरुवातीचे तीन-चार आठवडे बागेत काहीही हलवू नका. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन बसा. ऊन कुठून येतं, सावली कुठं सरकते, पाऊस पडल्यावर पाणी कुठं साचतं, माणसं कुठून आडवाट काढतात, रस्त्याचा आवाज कुठं कमी येतो, हे टिपून ठेवा. पुढे बसायची जागा आणि पायवाट ठरवताना याच नोंदी कामी येतील. माणसांनी पाडलेल्या आडवाटा खोडून नवी वाट आखली, तर दोन महिन्यांत जुनी वाट परत उमटते. त्यामुळे शक्य तिथं तीच वाट पक्की करा.

याच काळात परवानग्यांचं बघा. आवाराची मालकी कुणाची, बागेची जबाबदारी कागदोपत्री कुणाकडे, खालून पाण्याच्या किंवा विजेच्या लाइनी जातात का, हे लेखी घ्या. झाड तोडायचं किंवा मोठी फांदी उतरवायची तर बहुतेक ठिकाणी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. संस्थाप्रमुखांशी बोलताना बांधकामाचा आराखडाही मागून घ्या. दोन वर्षांनी तिथं नवी इमारत उभी राहणार असेल, तर ते आजच कळलेलं बरं.

प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येक झाडाचं पान

आता मोजणी. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक झाडाला एक पान द्या. त्यावर झाडाचा नंबर, नाव, खोडाचा घेर, उंची, फांद्यांचा पसारा, तब्येत आणि त्यावर राहणारे जीव लिहा. नाव येत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा. चुकीचं नाव एकदा वहीत गेलं की पाटीवर जातं आणि मग ते वर्षानुवर्षं शिकवलं जातं. पान, फूल, फळ आणि साल, चारही दिसेपर्यंत थांबलं तर ओळख पक्की होते.

घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. काही देशांत १.३ मीटरवर मोजण्याची पद्धत आहे. कुठलीही एक धरा, पण दरवर्षी तीच ठेवा. टेप खोडाला आडवी, सपाट बसली पाहिजे. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलेलं असेल, तर दोन्ही खोडं वेगळी मोजायची.

उंचीसाठी यंत्र लागत नाही. एक सरळ काठी घ्या. हात समोर ताणून ती मुठीत उभी धरा. मुठीपासून डोळ्यापर्यंत जितकं अंतर, तितकीच काठी मुठीच्या वर ठेवा. आता मागे मागे सरका. मूठ झाडाच्या बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. सपाट जमिनीवर तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. समरूप त्रिकोण फळ्यावर तीन वेळा शिकवूनही ज्यांना पटत नाहीत, त्यांना इथं पाच मिनिटांत पटतात.

नकाशाही असाच करता येतो. इमारतीचे दोन पक्के कोपरे धरा. प्रत्येक झाडाचं त्या दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर टेपनं मोजा. कागदावर प्रमाण धरून कंपासनं दोन कंस काढले की ते जिथं छेदतात तिथं झाड. टेप ढिली पडली की झाड कागदावर भलतीकडेच जातं. मग मुलं परत जाऊन मोजतात, आणि ते परत मोजणं त्यांच्या चांगलंच लक्षात राहतं.

तब्येतीच्या रकान्यात काय लिहायचं? वाळलेल्या फांद्या, खोडातली ढोली, बुंध्याशी उगवलेली अळंबी, सालीतली चीर, एका बाजूला कललेला भार, खोडात रुतलेली तार. अळंबी, लांब चीर किंवा अलीकडेच कललेलं झाड दिसलं, तर त्याखाली जाणं लगेच बंद करा आणि जाणकाराला बोलवा. हा निर्णय अंदाजानं घ्यायचा नाही.

झाडाचा गळा मोकळा करा

दुर्लक्षित बागेत झाडांना सर्वांत जास्त त्रास होतो तो माणसांनी प्रेमानं केलेल्या गोष्टींचा. कधीकाळी बसवलेला लोखंडी ट्री गार्ड, रोपाला आधार म्हणून बांधलेली तार, खोडाला चिकटून बांधलेला सिमेंटचा कट्टा. रोपाचं झाड झालं, पण ते काढायला कुणी आलं नाही. एका आवारात ट्री गार्डच्या कड्या खोडानं अक्षरशः गिळलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी ओढाओढ करू नका. जे मोकळं आहे ते कापून काढा. जे लाकडात पूर्ण रुतलं, ते तसंच राहू द्या. उपसून काढण्याची जखम जास्त मोठी असते.

मग बुंध्याकडे बघा. निरोगी झाडाचं खोड जमिनीला टेकताना रुंद होत जातं, मुळांचे फाटे दिसू लागतात. खोड खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल, तर बुंधा भरावाखाली गाडला गेलाय असं समजा. साल सतत ओली राहिली की कुजते. तिथली जादा माती हातानं, लाकडी काडीनं किंवा बोथट खुरप्यानं हळूहळू बाजूला करा, मुळांचे फाटे दिसेपर्यंत. कुदळ वापरायची नाही.

सिमेंट काढायचं असेल, तर कोरड्या कडक उन्हाचे दिवस टाळा. छन्नी-हातोड्यानं तुकडे करत जा. खाली मुळं सापडली तर ती तोडू नका. जेवढा भाग उघडा केला, तेवढा त्याच दिवशी माती आणि पाचोळ्यानं झाकून पाणी द्या. उघडी पडलेली बारीक मुळं काही तासांतच वाळतात.

माती: इथं सबुरी लागते

झाडाची मुळं म्हणजे उलटं झाड, जितकं वर तितकंच खाली, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात बहुतांश मुळं वरच्या साधारण ६० सेंटीमीटर मातीतच पसरतात, आणि पाणी शोषणारी बारीक मुळं तर त्याहूनही वर असतात. ती फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. म्हणून बागेतून गेलेली एखादी गाडी, रोजची पायपीट, बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग, हे सगळं थेट मुळांवर येतं. दाबलेल्या मातीत हवा राहत नाही, आणि मुळांना श्वासासाठी हवा लागते.

किती भाग जपायचा याचा एक सोपा ठोकताळा आहे. खोडाच्या व्यासाची बारा पट म्हणजे झाडाभोवती जपायच्या वर्तुळाची त्रिज्या. घेर १५७ सेंटीमीटर असेल तर व्यास सुमारे ५० सेंटीमीटर, आणि त्रिज्या ६ मीटर. चुनखडीनं हे वर्तुळ जमिनीवर आखून दाखवा. एवढं मोठं असेल असं मुलांनाच काय, शिक्षकांनाही वाटत नाही. या वर्तुळात चर खणायचा नाही, पेव्हर ब्लॉक बसवायचे नाहीत, भराव घालायचा नाही.

माती तपासायच्या दोन रीती मुलांकडून करून घ्या. पहिली, पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती घ्या, उरलेलं पाणी भरा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला आणि जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवसांनी. थरांची उंची पट्टीनं मोजली की माती कशाची बनली ते कळतं. दुसरी, मुळांपासून लांब ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून पाण्यानं भरा. ते जिरल्यावर पुन्हा भरा आणि पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर तिथं नवं झाड लावण्याआधी निचऱ्याचा विचार करावा लागेल.

उपाय साधा आहे, पण सावकाश होणारा. झाडाखालचा पाचोळा जाळणं आणि झाडून टाकणं बंद करा. झाडाखाली ५ ते १० सेंटीमीटर जाडीचं पाचोळ्याचं किंवा लाकडाच्या भुशाचं आच्छादन पसरा, फक्त खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. गांडुळं, वाळवी, बुरशी, पैसा नावाचा किडा हे सगळे मिळून ती माती भुसभुशीत करतात. त्याला महिने नाही, एक-दोन वर्षं लागतात. पाचोळा असला की अस्वच्छ दिसतं, अशी तक्रार सफाई करणाऱ्यांकडून आणि कार्यालयाकडून येतेच. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. हे आच्छादन मुद्दाम ठेवलंय हे कळावं म्हणून कडेनं दगडांची ओळ लावा. मी तेवढंच केलं आणि तक्रारी थांबल्या.

पाणी द्यायचं ते खोडाशी नाही, फांद्यांच्या कडेखाली. आणि रोज शिंपडण्याऐवजी चार-आठ दिवसांनी, पण खोलवर मुरेल असं.

छाटणी

थोडक्यात सांगतो, कारण उंचावरची छाटणी नवख्यानं करायचीच नाही. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच आपलं, बाकी प्रशिक्षित माणसाचं.

फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. ते कापायचं नाही आणि फांदीचं खुंटही लांब सोडायचं नाही. कड्याला लागून, त्याच्या बाहेरून कापायचं. जड फांदी एका घावात तोडली, तर पडताना ती खोडाची साल सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक छोटा काप घ्या. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी उतरवा, आणि शेवटी उरलेलं खुंट काढा.

जखमेवर डांबर, रंग काहीही लावू नका. अमेरिकेच्या वन सेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिलं. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंती घालून ती बंद करतं, ही त्यांची मांडणी १९७७ साली प्रसिद्ध झाली. ते कडं शाबूत ठेवायचं ते याचसाठी. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी रीतही सोडून द्या. धोका नसेल तर ढोली आणि वठलेलं खोड तसंच राहू द्या. पोपट, पिंगळे, तांबट यांना घर बहुधा अशाच ठिकाणी मिळतं.

नवी झाडं, पण कोणती?

वर्षभरानंतर रिकाम्या जागा दिसू लागतात. आधी काढायचं काय ते ठरवा. घाणेरी आणि सुबाभूळ या दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत दोघींचीही नावं आहेत. घाणेरी नुसती छाटली तर पुन्हा फुटते, मुळासकट काढावी लागते. मात्र तिच्यात पक्ष्यांचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. परदेशी म्हणून प्रत्येक झाड काढायचं नाही. मोठं, निरोगी, न पसरणारं झाड कुठूनही आलेलं असो, सावली देतं आणि त्याच्या मूळ देशाचा धडाही देतं.

नव्या लागवडीत त्या भागातल्या मूळच्या जाती आधी घ्या. एकाच जातीची रांग टाळा. एल्म नावाच्या झाडांना होणाऱ्या डच एल्म रोगानं युरोप-अमेरिकेतले एल्मच्या रांगांचे रस्तेच्या रस्ते ओसाड केले, कारण शेजारीही एल्म आणि त्याचा शेजारीही एल्म. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये यावर एक माप सुचवलं: एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, इंग्रजीत जीनस) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नकोत. शिकवण्यासाठी तर विविधता हवीच. काटेरी, चिकाची, शेंगांची, पंखवाल्या बियांची, पानगळीची, सदाहरित, असा विचार करून जागा भरा. वहीतली मोजणी उघडली की काय कमी आहे ते मुलंच सांगतात.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल. रोप जास्त खोल गेलं तर पुन्हा तेच, गाडलेला बुंधा. पिशवी पूर्ण काढा, आत गोल गोल फिरलेली मुळं सोडवा किंवा कापा, नाहीतर पुढे तीच खोडाला आवळतात. आधाराची काठी गरज असेल तरच लावा आणि वर्षभरात काढून टाका. वाऱ्यानं हललं तर खोड जाड होतं. आणि खड्डा खणण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा, सुट्टीत पाणी कोण घालणार? पहिली दोन-तीन वर्षं नव्या रोपाला पाणी लागतं आणि नेमकी कोरड्या दिवसांत आवारं रिकामी असतात. जितक्या रोपांसाठी सुट्टीतलं नाव लिहिता येईल, तितकीच रोपं लावा.

बसायची जागा

सावलीच्या नोंदी आता काढा. वर्ग ज्या वेळी भरणार त्या वेळी सावली असेल अशी जागा हवी. शिक्षकाच्या तोंडावर ऊन आलं तर चालेल, मुलांच्या डोळ्यांवर नको. पंचवीस-तीस जणांसाठी अर्धगोल पुरतो, आवाज शेवटपर्यंत पोचतो. आडवे ओंडके किंवा दगड नुसते जमिनीवर ठेवा, पाया खणू नका. एकाच झाडाखाली रोज वर्ग घेऊ नका, दोन-तीन जागा करून फिरते ठेवा, नाहीतर सावरलेली माती परत दाबली जाईल. व्हीलचेअर जाईल अशी निदान एक वाट करा. ती मुळांवरून खणून नाही, तर पाणी झिरपेल असा थर वर पसरून.

वारा सुटला, ढग गडगडले की वर्ग तिथंच थांबवून इमारतीत जायचं. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. मधमाश्यांची पोळी आणि कुणाला असलेली अ‍ॅलर्जी यांचीही नोंद ठेवा.

पाट्या आणि धडे

पाटी खोडाला घट्ट खिळ्यानं ठोकू नका. जमिनीत रोवा किंवा ढिल्या स्प्रिंगनं लटकवा, म्हणजे खोड वाढलं तरी जागा राहते. शास्त्रीय नाव, कूळ, मूळ प्रदेश एवढं असावंच. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यानं १७५३ साली दोन शब्दांची ही नावं रूढ केली, त्यामुळे जगात कुठंही त्या झाडाबद्दल वाचता येतं. पण त्याखाली एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर झाडाकडेच मिळेल.

उंबराच्या पाटीवर मी एवढंच लिहीन: 'या झाडाचं फूल कुठं आहे?' फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण उंबराचं फूल म्हणतो, कारण ते कुणाला दिसत नाही. उंबर फोडून भिंगाखाली धरा. आत शेकडो बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात, आणि पुष्कळदा एक इवलासा किडाही. त्या किड्याशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय त्या किड्याला अंडी घालायला जागा नाही. वड-पिंपळाचंही तसंच, प्रत्येकाचा किडा बहुधा वेगळा. मराठीचा तास आणि जीवशास्त्राचा तास इथं एकाच झाडाखाली भरतो.

बाकीचे धडे सामान न लागणारे आहेत. पानांच्या डहाळीला पारदर्शक पिशवी बांधा आणि दोन तासांनी जमलेलं पाणी मोजा. दुपारी सावलीतल्या आणि उघड्यावरच्या जमिनीचं तापमान घ्या. एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन पाचोळ्यावर टाका आणि त्यातले जीव मोजा. एकाच झाडाचं चित्र दर महिन्याला त्याच जागी बसून काढा.

सगळ्यांत मोलाची ती ऋतुनोंद. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडांवर कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं, पानगळ यांतलं काय आहे ते लिहायचं. जपानमधल्या क्योटोत चेरी कधी बहरली याच्या नोंदी जुन्या रोजनिश्या आणि बखरींमधून थेट ९ व्या शतकापर्यंत मागे जातात, आणि आज हवामानाचे अभ्यासक त्या वापरतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या घराण्यानं त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. त्यातल्या कुणाकडेही वही आणि नियमितपणा याखेरीज काही नव्हतं. तारीख लिहिताना वर्षही लिहा. बऱ्याच वह्यांमध्ये नेमकं तेच राहून जातं.

वही पुढे द्यायची ती अशी

बाग एका उत्साही शिक्षकावर उभी असेल, तर त्याची बदली झाली की फाटकाला पुन्हा कुलूप लागतं. म्हणून प्रत्येक झाडाला दोन-तीन मुलांचा एक गट जोडा, आणि वहीची एक प्रत कार्यालयात ठेवा. वर्ष संपताना जाणाऱ्या तुकडीनं येणाऱ्या तुकडीला बागेत न्यायचं. प्रत्येक गटानं आपल्या झाडापाशी उभं राहून त्याचा घेर गेल्या वर्षी किती होता, यंदा किती झाला, कुठली फांदी वठतेय, ढोलीत कोण राहतं हे तोंडी सांगायचं. मग नव्या गटानं टेप धरून घेर स्वतः मोजायचा, आकडा जुन्या आकड्याखाली लिहायचा आणि वही त्यांच्याकडे जायची. तीस झाडांना साधारण दोन तास लागतात.